गिरणी बंद असताना आलेला आवाज

मी श्रीपाद दिगंबर कंधारकर, वय ३६ वर्षे, धंदा पिठाची गिरणी, राहणार बाजार गल्ली, लोहा, जिल्हा नांदेड, आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर झालो असून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी आणि माझी थोरली बहीण इंदू असे दोघे राहतो. आईवडील हयात नाहीत. इंदू इथल्याच एका खाजगी शाळेत शिक्षिका आहे. गिरणी वडिलांची होती, ती आता मी चालवतो. गिरणी पुढे रस्त्याला लागून आणि घर मागे, असे आहे.

मला स्किझोफ्रेनिया हा आजार आहे. हे आधी लिहा असे मी लिहून घेणाऱ्या जमादारांना सांगितले. गल्लीतून कुणीतरी ते सांगणारच आहे, आणि मागून कळले तर मी लपवले असा अर्थ होईल. आजार कॉलेजात असताना सुरू झाला. मला नसलेले आवाज ऐकू येतात. पहिली काही वर्षे ते नसलेले आहेत हेच मला माहीत नव्हते. लोक भिंतीपलीकडे बसून माझ्याबद्दल बोलतात असे मी धरून चाललो होतो, आणि त्या काळात जेवणही सोडले होते. ताईने मला नांदेडला दवाखान्यात नेले. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. आवाज कमी झाले, पण पूर्ण गेले नाहीत. गिरणी चालू असली की पट्ट्याच्या घरघरीतून कुणीतरी "श्रीपाद, श्रीपाद" अशी हाक मारते. बहुतेक वेळा नुसती हाकच असते.

नांदेडच्या दवाखान्यात मनस्विनी मॅडम समुपदेशन करतात. आवाज आला की तो खरा की आजाराचा हे कसे ओळखायचे ते त्यांनी मला शिकवले. गिरणी थांबवायची आणि जवळच्या माणसांच्या तोंडाकडे बघायचे. आवाज खरा असेल तर त्यांनाही येईल, त्यांच्या माना तिकडे वळतील. तरी समजले नाही तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सरळ विचारायचे. मी हे रोज करतो. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली आहे.

मॅडमनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. माणसे बोलतात एक आणि त्यांच्या मनात असते दुसरे, आणि ते दुसरे मला लवकर कळत नाही. हेही आजारातच येते असे त्या म्हणाल्या. एकदा एका गिऱ्हाइकाने "काही घाई नाही, सावकाश द्या" असे सांगितले म्हणून मी त्यांचे दळण तीन दिवसांनी दिले. ते फार रागावले. घाई नाही याचा अर्थ संध्याकाळपर्यंत द्या असा होता, हे मला ताईने नंतर समजावले. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, काका, नक्की कधी पाहिजे ते सांगा. काही जण हसतात.

मयत शिल्पा संगमेश शेटकार आमच्या शेजारी राहत होत्या. गिरणीची उजवीकडची भिंत आणि त्यांच्या न्हाणीघराची भिंत एकच आहे. लग्न होऊन त्या देगलूरकडून आल्या, त्याला पाच-सहा वर्षे झाली असतील. संगमेश शेटकार यांचे रस्त्यावर पाइपांचे आणि मोटारींच्या सामानाचे दुकान आहे. घरात दोघेच होते.

शिल्पा यांचे बोलणे मला कळायचे. "ज्वारी जाड दळा, चारला येते" म्हणाल्या की त्या चारला यायच्या. मला दादा म्हणायच्या. एकदा त्यांनी मला विचारले, "दादा, ते आवाज कसे असतात? बाईचे का माणसाचे?" हे मला याआधी डॉक्टर सोडून कुणी विचारले नव्हते. मी सांगितले, कधी बाईचा, कधी माणसाचा, पण सगळे माझ्या ओळखीचेच बोलतात. त्या म्हणाल्या, "मग बरंय. अनोळखी न्हाई कुणी."

या उन्हाळ्यात त्यांच्या गालावर काळेनिळे होते. मी विचारले काय झाले. "दाराला लागलं," म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की दाराच्या कडेला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून बांधा, म्हणजे पुन्हा लागणार नाही. त्या हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. मला वाटले पट्टी त्यांना पसंत पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या घरातली चादर फाडून पट्टी करून दिली. ती त्यांनी घेतली.

मागच्या बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी गिरणी सुरू केली. दळणाला तीन बायका बसल्या होत्या. त्यांपैकी चतुराबाई आमच्याच गल्लीत राहतात. आई वारली तेव्हा ताईची नोकरी बाहेरगावी होती, त्या दिवसांत चतुराबाईंनी मला दोन्ही वेळा जेवू घातले. मी ज्यांना विचारावे अशा माणसांत ताईनंतर मी त्यांचेच नाव मॅडमना सांगितले होते. दुसऱ्या दोघी पलीकडच्या आळीतल्या आहेत. त्यांची नावे ठाण्यात अगोदरच लिहिलेली आहेत असे चौकशी करणारे साहेब म्हणाले.

थोड्या वेळाने लाईट गेली आणि गिरणी थांबली. लाईट येईपर्यंत बसतो म्हणून तिघी ओट्यावर बसून राहिल्या. संगमेश यांची मोटरसायकल त्यांच्या दारात उभी होती. ती मी पाहिली आहे.

मग उजवीकडच्या भिंतीतून धपकन आवाज आला. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तसाच आला. त्यानंतर बाईचा आवाज आला, "श्रीपाददादा."

मी घाबरलो. गोळ्या सुरू झाल्यापासून गिरणी बंद असताना मला हाक कधी आलेली नाही. आजार वाढला असे मला वाटले. मी मॅडमनी सांगितले तसे केले आणि तिघींच्या तोंडाकडे पाहिले. एक बाई डब्याच्या झाकणाने वारा घेत होती, तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला. दुसरी मोबाईलवर काहीतरी बघत होती, तिने त्याचा आवाज वाढवला. चतुराबाई ज्वारीतले खडे निवडत होत्या, त्या डब्यात बघत राहिल्या. भिंतीकडे कुणीच पाहिले नाही. त्यावरून मी समजलो की यांना काही ऐकू आलेले नाही.

साहेबांनी आज मला विचारले की तिघींचे हे एकाच वेळी झाले का. होय, एकाच वेळी झाले. तेव्हा मला त्यात काही वाटले नाही.

आवाज परत आला. मी जसा ऐकला तसा सांगतो. "दादा, कडी काढा हो. भाईरून हाय. नागम्मा अक्काला फोन लावा." मग रडणे ऐकू आले आणि त्या रडण्यावर चढलेला माणसाचा आवाज, पण त्याचे शब्द मला कळले नाहीत, म्हणून मी ते सांगत नाही.

मी चतुराबाईंजवळ जाऊन बसलो आणि सरळ विचारले, "काकू, तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "न्हाई रे बाळा. काही न्हाई. पाणी पी आन् बस जरा." आपल्या बाटलीतले पाणी त्यांनी मला दिले. मग त्यांनी पदराने डोळे टिपले. उन्हामुळे असेल असे मला वाटले.

मी पाणी प्यालो, आत जाऊन कानात कापूस घातला आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे श्वास मोजत बसलो. मनाला सांगत राहिलो की हा आजार आहे, याला उत्तर द्यायचे नाही. काही वेळाने लाईट आली. बाहेर येऊन मी गिरणी सुरू केली आणि चतुराबाईंचे दळण आधी घेतले. त्या पैसे ओट्यावर ठेवून, पीठ घेऊन तशाच गेल्या. गिरणी चालू असतानाच संगमेश मोटरसायकल काढून दुकानाकडे गेले. त्यांचे केस ओले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

संगमेश दुपारभर दुकानातच होते असा त्यांचा जबाब असल्याचे मला सांगण्यात आले. मी जे पाहिले ते वर सांगितले आहे.

त्या दिवशी मला आतून बरे वाटत होते. पूर्वी असा स्पष्ट आवाज आला की मी फसायचो, त्याच्याशी बोलायचो, एकदा तर त्याच्या मागे स्टँडपर्यंत गेलो होतो. या वेळी मी तो ओळखला असे मला वाटले. ताई शाळेतून आली तेव्हा मी तिला सांगितले की आज मोठा आवाज आला, पण मी फसलो नाही. ताई म्हणाली, "शाब्बास." हे लिहू नका असे इथे माझ्या शेजारी बसलेल्या ताईने आत्ता जमादारांना सांगितले. मी लिहा म्हणालो.

दिवेलागणीला संगमेश यांच्या घरातून ओरडा आला आणि गल्ली जमा झाली. शिल्पा न्हाणीघरात पाय घसरून पडल्या असे संगमेश सांगत होते. त्यांना जीपमध्ये घालून नांदेडला नेले. माणूस आधीच गेलेले आहे असे तिथे सांगितले, हे जीप परत आल्यावर कळले. मी आमच्या दारात उभा होतो. आवाजाचा आणि या गोष्टीचा संबंध माझ्या डोक्यात तेव्हा आला नाही, कारण आवाजाचा निकाल मी दुपारीच लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी देगलूरकडची माणसे आली. त्यांत एक उंच बाई होती. ती रडत नव्हती. ती शेटकारांच्या उंबऱ्याशी आली तेव्हा पायरीवर बसलेली देगलूरकडचीच एक म्हातारी म्हणाली, "नागम्मा आली गं."

हे नाव ऐकल्यावर मी घरात जाऊन बसलो. माझे आवाज मला माहीत आहे तेवढेच बोलतात. मला माहीत नसलेली गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही सांगितलेली नाही. नागम्मा हे नाव मला माहीत नव्हते. शिल्पा आपल्या बहिणीचा विषय काढायच्या तेव्हा नुसते अक्का म्हणायच्या. तरी मी घाई केली नाही. नाव आपण आधी कुठे ऐकले असेल का, हे मी रात्रभर आठवून पाहिले. मग ताईला सांगितले. ताई म्हणाली, "अरे, कधीतरी कानावर पडलं असेल. डोक्याला ताण देऊ नकोस." ताईचे म्हणणे खरे असू शकते म्हणून मी ते सोडून दिले नाही, तपासायचे ठरवले.

सकाळी मी नागम्मा यांना भेटलो. त्या ओसरीवर एकट्या होत्या. मी माझे नाव सांगितले. त्यांना ते माहीत होते. "दादा म्हनायची ती तुमाला," त्या म्हणाल्या. मी विचारले, तुम्ही माझ्या गिरणीवर कधी आला होता का, किंवा शिल्पा माझ्यासमोर तुम्हाला नावाने कधी बोलल्या होत्या का. त्या म्हणाल्या, "न्हाई. मी या गावात लग्नानंतर कालच आले. येऊ कुठं दिलं." मग मी सांगितले की शिल्पा यांनी तुम्हाला फोन लावायला सांगितले होते.

"कधी?"

"बुधवारी दुपारी. भिंतीतून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग?"

मी ओसरीवरून उतरून गिरणीकडे आलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. आईच्या पश्चात शिल्पा यांना नागम्मा यांनीच वाढवले होते, हे मला नंतर कळले.

त्याच दिवशी संध्याकाळी चतुराबाई दळण घेऊन आल्या. ताई त्या वेळी गिरणीतच होती, मला चहा घेऊन आली होती. मी गिरणी बंद केली आणि चतुराबाईंना विचारले, "काकू, बुधवारी आवाज आला होता का?"

त्या म्हणाल्या, "कशाला काढून राहिलास आता ते."

मी म्हणालो, "मला फक्त आला होता का नव्हता तेवढंच सांगा."

त्यांनी ताईकडे पाहिले, मग खाली बसल्या. म्हणाल्या, "आवाज व्हता. रोजचाच व्हता."

मी म्हणालो, "मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही न्हाई म्हणालात."

"तू इचारलंस काही ऐकू येतंय का. म्या म्हनलं काही न्हाई. म्हनजे नवीन काही न्हाई. पाच वर्सं झाली, आमी सगळ्याच ऐकून राहिलो. ती वरडायची, मग गप व्हायची, मग सकाळी सडा टाकायला भाईर यायची. मला काय म्हाईत आज उठनार न्हाई म्हणून." त्यांनी डब्याचे झाकण घट्ट लावले. "आन् तुला व्हय म्हनले असते तर तू गेला असतास. कडी काढली असतीस. संगमेशनं काय म्हनलं असतं? येडा बाईमाणसाच्या न्हाणीत शिरला म्हनलं असतं. सगळ्या गल्लीनं खरं धरलं असतं. तुला मारून टाकलं असतं रे त्येनं. मला तुझी काळजी पडली. तिची पडायला पायजे व्हती, ती न्हाई पडली."

मी विचारले की हे तुम्ही पोलिसांना सांगाल का. त्या म्हणाल्या, "मी तिथं न्हाई सांगायची. मला याच गल्लीत मरायचंय." दळण न टाकताच डबा उचलून त्या गेल्या.

चतुराबाई यांना मी दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मी त्यांना विचारले एक आणि त्यांनी ऐकले दुसरे, एवढे मला आता कळते. मी विचारले होते, आवाज आहे का. त्यांना वाटले मी विचारतोय, उठून जाण्यासारखे काही आहे का.

साहेबांनी मला पुढील प्रश्न विचारले व मी उत्तरे दिली ती अशी.

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता का? होय. बुधवारी सकाळीही घेतली होती.

तुम्हाला भास होतात हे कोर्टात पहिल्याच दिवशी पुढे येईल, हे माहीत आहे का? होय. म्हणून मी ते स्वतः आधी लिहायला सांगितले.

मग कोर्टाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? मी म्हणालो, बाकी माणसांना जे ऐकू येते ते खरेच असणार असे धरून ती चालतात. मी रोज प्रत्येक आवाज तपासतो. बुधवारीही तपासला. तपासात चूक झाली, पण आवाज ऐकण्यात चूक झाली नव्हती.

त्या वेळी जाऊन कडी काढली असती तर त्या वाचल्या असत्या असे तुम्हाला वाटते का? मी म्हणालो, माहीत नाही असे लिहा. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला.

चतुराबाई यांनी काहीच ऐकले नाही असा जबाब दिलेला आहे. मग गिरणीत त्या तुमच्याशी जे बोलल्या तोही भास नसेल कशावरून?

हा प्रश्न येईल असे मला वाटले नव्हते. मी विचार केला. भास असू शकतो. मला माणसांचे पूर्ण बोलणेही पूर्वी ऐकू आलेले आहे. हे तपासायचा एकच मार्ग होता. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

ताईने मला ठाण्यात आणताना घरी सांगितले होते की तुला जे सांगायचे ते सांग, मी अडवणार नाही, पण मला यात घेऊ नकोस. ताईच्या शाळेच्या संस्थेवर संगमेश यांचे चुलते आहेत. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. घर ताईच्या पगारावर आणि माझ्या गिरणीवर चालते, आणि या प्रकारानंतर गिरणीवर कोण येईल हे सांगता येत नाही. हे सगळे तिने मला समजावून सांगितले होते आणि मी कबूल झालो होतो. चतुराबाई आल्या तेव्हा ताई तिथे होती, हे वर मी बोलून गेलो. ते मागे घेता येईल का असे मी जमादारांना विचारले. ते म्हणाले लिहिलेले खोडता येत नाही, पण तुमच्या ताईंची इच्छा नसेल तर त्यांना इथे विचारणार नाही.

साहेब म्हणाले, "मग त्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नाही, असंच धरावं लागेल."

मी ताईकडे पाहिले. ती भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघत होती. तिच्या मनात काय आहे हे मला ओळखता येईना. ती रागावली आहे की घाबरली आहे हेही कळेना. तोंडाकडे बघून काही कळत नाही तेव्हा सरळ विचारायचे असते, म्हणून मी विचारले.

"ताई, चतुराकाकू बोलल्या का? का ते मलाच ऐकू आलं?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. बाहेर कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होते.

मी म्हणालो, "नाही म्हणालीस तरी चालेल. मी तसं लिहायला सांगतो. फक्त खरं काय ते मला घरी गेल्यावर सांग. मला माहीत असायला पाहिजे."

त्यावर ताईने तोंडाला पदर लावला. नंतर तो काढून साहेबांना म्हणाली, "बोलल्या. मी उभी होते तिथं. अक्षरन् अक्षर बोलल्या." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि साहेब, शिल्पाचं ओरडणं आमच्या स्वयंपाकघरातही यायचं. माझ्या तोंडाकडे बघून हा विचारायचा, ताई, येतंय का काही. मी आजवर नाहीच म्हणत आले."

जमादारांनी विचारले, हे कुणाच्या जबाबात घेऊ. ताई म्हणाली, "माझ्या. कागद घ्या दुसरा." आणि तिने नाव सांगितले, इंदू दिगंबर कंधारकर, वय एक्केचाळीस, धंदा शिक्षिका. शाळेचे नाव सांगताना ती थांबली आणि मग तेही सांगितले.

ताईला मी किती वेळा विचारले होते आणि त्यांतले कोणते आवाज शिल्पा यांचे होते, हे मला आता वेगळे काढता येणार नाही. म्हणून त्याबद्दल मी काही सांगत नाही.

हा माझा जबाब जमादारांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. 'श्रीपाददादा' हा शब्द आला तिथे मी त्यांना दोनदा थांबायला सांगितले. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर लिहिला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. खाली सही मीच केली आहे.